प्रार्थनेची पायवाट: कामाच्या नोंदी

शेताच्या बांधाने चालायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, समोर जे आहे ते पाहायचं आणि पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) एका वचनावर मनन करायचं, अशी पायवाट आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जमिनीवर केली. कल्पना नवी नाही. पाचव्या शतकात व्हिएनचे (आजच्या फ्रान्समधलं गाव) बिशप मामर्टस यांनी येशूच्या स्वर्गारोहण दिनाआधीचे तीन दिवस लोकांना उपवास आणि मिरवणुकीने प्रार्थनेला बाहेर काढलं, आणि पुढे शेतांभोवती प्रार्थना करत फिरण्याची रीत त्यातूनच पसरली. आपल्यालाही जमेल असं वाटलं. ज्यांना असंच काही करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी. चुका खोडलेल्या नाहीत. पैसा फारसा लागला नाही. गेला तो वेळ, आणि त्यातला बराचसा माझ्या घाईमुळे गेला.

दिवस 1

दोरीने वाट मोजली. बांध, ओढ्याचा काठ आणि परत, मिळून 380 मीटर. आठ थांबे ठरवले: फुलं (मत्तय 6), मुंग्या (नीतिसूत्रे 6), चार जमिनी (मत्तय 13), गव्हाचा दाणा (योहान 12), ओढा (स्तोत्र 42), चिमण्या (मत्तय 10), कुंपणावरची जुनी द्राक्षवेल (योहान 15) आणि शेवटी डोंगर (स्तोत्र 121).

ही यादी मी घरात टेबलाशी बसून केली. आधी वचनं निवडली, मग शेतात त्यांच्यासाठी जागा शोधल्या. आज लिहिताना दिसतं की पुढचं सगळं बिघडलं ते इथून.

दिवस 2 ते 9

आठ फळ्या कापल्या, घासल्या, पांढरा हात दिला, काळ्या ऑइलपेंटने वचनं लिहिली. अक्षरं काढण्यातच तीन संध्याकाळी गेल्या. खांब थेट मातीत रोवले. ही चूक कुणी करू नये. तीन आठवड्यांत दोन खांबांच्या बुडाला वाळवी लागली.

मुंग्यांच्या थांब्यावर वेगळंच झालं. "अरे आळशा, मुंगीकडे जा" ही पाटी वारुळाजवळच हवी, म्हणून मी पहार घातली ती वारुळाच्या कडेला. आत पोकळ होतं. पहार एकदम हातभर खाली गेली आणि पांढरी अंडी तोंडात धरून मुंग्या सैरावैरा बाहेर पडल्या. मी खड्डा बुजवला, पाटी तिथेच उभी केली आणि पुढे गेलो. त्या दिवशी त्याचं काही वाटलं नाही, हे लिहून ठेवणं भाग आहे.

बसायला ओंडक्यांची बाकं केली, उंची 30 सेंटीमीटर. मंडळीतल्या वयस्कर बहिणींना त्यावरून उठता येईना. सगळी परत करावी लागली, 45 सेंटीमीटरची. दोन दिवस वाया. बाकांचे पाय आता सपाट दगडांवर टेकवले आहेत, मातीत नाहीत.

दिवस 12

पहिली फेरी. अकरा जण. आठही थांबे 18 मिनिटांत आटोपले.

लोक पाटीपाशी यायचे, मोठ्याने वाचायचे, "आमेन" म्हणायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या पाटीकडे चालू पडायचे. फुलांच्या थांब्यावर फुलांकडे कुणी पाहिलं नाही. एकाने विचारलं, "पुढची पाटी कुठंय?" ओढा मध्येच होता, तो ओलांडताना फक्त चपला ओल्या होऊ नयेत एवढीच काळजी सगळ्यांना.

एक लहान मुलगी मुंग्यांच्या पाटीमागे उकिडवी बसली होती. मोडलेल्या वारुळाकडे पाहत होती. तिला सगळे हाका मारत होते, चल म्हणून. मीही मारली.

रात्री झोप लागली नाही. संडे स्कूलची भिंत उचलून शेतात नेऊन लावली, एवढंच झालं होतं.

दिवस 13 ते 19

काम थांबवलं. रोज एका थांब्यावर एक तास नुसता बसलो. वही नाही, फोन नाही, शास्त्रही पिशवीत बंद.

पहिली वीस मिनिटं डोकं पाट्याच रंगवत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठे डोळा स्थिरावला. फुलांच्या जागी बसलो तेव्हा एक जांभळं रानफूल पाहिलं, नखाएवढं. पाकळीवर बारीक शिरा, मध्ये पिवळा ठिपका, आणि शिरा त्या ठिपक्याकडेच जाणाऱ्या. दुपारी ते मिटलं. इतकं काम एका दिवसाच्या फुलावर. मग पिशवीतून शास्त्र काढलं आणि मत्तय 6 वाचलं. शलमोनाचं वैभव आणि उद्या भट्टीत जाणारं गवत, हे दोन्ही त्याच वाक्यांत आहे. इतकी वर्षं मी फक्त "चिंता करू नका" एवढंच ऐकत आलो होतो.

घरी येऊन मूळ ग्रीक शब्द पाहिले. पाखरांबद्दल बोलताना प्रभूने "निरखून पाहा" म्हटलं आहे. फुलांबद्दलचा शब्द त्याहून जड आहे, "काटामाथेते", म्हणजे नीट शिकून घ्या, अभ्यास करा. शिष्य या शब्दाचं जे मूळ तेच याचंही. ती आज्ञा आहे, आणि मी तिच्यापुढे पाटी आडवी लावली होती.

स्तोत्र 19 रोज वाचत होतो. आकाश देवाचा महिमा वर्णितं हे पहिलं वचन सगळ्यांना पाठ. तिसऱ्यात म्हटलंय की तिथे ना वाचा आहे ना शब्द, आवाज ऐकू येत नाही. चौथ्यात लगेच, त्यांचा स्वर साऱ्या पृथ्वीवर पोचला आहे. दोन्ही खरं आहे. आणि त्याच स्तोत्रात सातव्या वचनापासून परमेश्वराच्या नियमशास्त्राबद्दल बोलणं सुरू होतं. आधी आकाश, मग शास्त्र. स्तोत्रकर्त्याने ठेवलेला क्रम मी उलटा केला होता.

दिवस 20

सात पाट्या काढल्या. डोंगराची तेवढी ठेवली, तिचं पुढे येईल.

नवी पद्धत: थांब्यावर दगडावर फक्त क्रमांक. बाकाखाली झाकणाची काचेची बरणी, आत घडी घातलेलं कार्ड. दहा मिनिटं पाहायचं, ऐकायचं. मग बरणी उघडून एकाने वचन एकदाच वाचायचं. मग पाच मिनिटं गप्प.

कार्डं आधी प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली होती. आत दमट होऊन शाई पसरली. बरणी आणि पेन्सिल, हे टिकलं. पेन्सिलीचं लिखाण ओलाव्यात पसरत नाही.

दिवस 22

चार जमिनींच्या थांब्यावर दृष्टांत सांगण्याऐवजी करूनच पाहायचं ठरवलं. चार पट्टे: तुडवलेली वाट, खाली खडक असलेला पातळ मातीचा तुकडा, काटेरी झुडपांचा तुकडा (वरून छाटला, मुळं तशीच) आणि नांगरलेली जमीन. प्रत्येकात गव्हाचे 50 दाणे.

पुढच्या थांब्यावर, योहान 12 साठी, वेगळे 20 दाणे पुरले. दाणा जमिनीत पडून मरायला हवा, म्हणून चांगले खोल पुरले, 12 सेंटीमीटर.

दिवस 24

वाटेवरचे 50 पैकी 47 दाणे पाखरांनी नेले. पहिल्याच संध्याकाळी.

दिवस 28

सगळ्यात आधी उगवला तो खडकावरचा पट्टा. शास्त्रात तसंच आहे, माती खोल नव्हती म्हणून ते लवकर उगवलं. आलेले लोक त्याच पट्ट्यापाशी जास्त थांबले. "हा छान आलाय." मी काही बोललो नाही.

दिवस 33

वीस दाण्यांच्या जागी काहीच नाही. उकरलं. कोंब फुटले होते, पण वरच्या मातीखाली अडकून, पिवळे पडून, आडवे वळलेले होते. तिथेच संपले.

चूक साधी आहे, गहू 4-5 सेंटीमीटरवर पेरायचा असतो. चांगल्या जमिनीच्या पट्ट्यात मी तो तसाच पेरला होता. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. इथे मात्र मनात कबर होती, म्हणून कबरीएवढं खोल. पुन्हा तेच, अर्थ आधी ठरवला आणि दाण्याला काय हवं ते विचारलं नाही. अकरा दिवस गेले.

पुन्हा 20 दाणे, 5 सेंटीमीटरवर.

दिवस 41

कोंब वर आले. तरुण संघातली सात जणं होती. एक रोप बोटांनी हळूच उकरून तळहातावर घेतलं. हिरवी पात बोटभर, खाली पांढरी मुळं, मुळांवर मातीचे कण चिकटलेले, आणि मधोमध जुना दाणा अजून लटकलेला. बोटाने दाबला. आतून दुधासारखा पातळ थेंब आला आणि साल चपटी झाली. आत काही उरलं नव्हतं.

त्यांतला एक शेतीशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "दादा, खरं सांगायचं तर दाणा मेला नाही. मेलेला दाणा उगवतच नाही. त्याने साठवलेलं सगळं कोंबाला दिलं."

बरोबर आहे त्याचं. मी उत्तर शोधायला लागलो आणि मग थांबलो, कारण त्याने जे सांगितलं ते माझ्या तयार भाषणाहून वचनाच्या जवळचं होतं. बरणी उघडली, तिघी-चौघांनी आळीपाळीने वाचलं. सणासाठी आलेल्या काही हेल्लेण्यांना (ग्रीक लोकांना) येशूला भेटायचं आहे, फिलिप्प आणि अंद्रिया निरोप आणतात, आणि उत्तर म्हणून येशू दाण्याबद्दल बोलतो. स्वतःबद्दल. दाणा मेला नाही तर काय होतं? सडतो असं म्हटलेलं नाही, वाया जातो असंही नाही. तो एकटाच राहतो.

"एकटाच" या शब्दावर आम्ही पाऊण तास बसलो. बरणीतले न पेरलेले दाणे हातात घेतले. टणक, कोरडे, सुबक, एकेक वेगळा. घरातल्या, मंडळीतल्या, स्वतःच्या न सोडलेल्या गोष्टी मुलं बोलली. त्या इथे लिहिणार नाही.

दिवस 47

पाळकसाहेब आले. सगळी वाट चालले, सगळ्या थांब्यांवर बसले. मग म्हणाले, "वचन बरणीत बंद आणि झाड समोर. उद्या कुणी झाडालाच हात जोडले तर? रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, पंचविसावं वचन विसरू नका." उत्पन्नकर्त्याऐवजी उत्पन्न केलेल्याची सेवा, असं ते वचन.

मी विसावं वचन पुढे केलं, की देवाचे अदृश्य गुण निर्मिलेल्या पदार्थांवरून कळतात. त्यांनी मान डोलावली आणि मला शेवटच्या थांब्यावर घेऊन गेले. तिथे माझी एकमेव उरलेली पाटी होती: "मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो." बाक डोंगराकडे तोंड करून.

"पुढे काय आहे?" त्यांनी विचारलं.

पुढे प्रश्न आहे. मला साहाय्य कोठून येईल? आणि मग उत्तर, आकाश व पृथ्वी यांचा निर्माणकर्ता परमेश्वर याच्यापासून. डोंगराकडून नाही. फळी आखूड होती म्हणून मी प्रश्न आणि उत्तर दोन्ही गाळलं होतं. त्या पाटीने नेमकं तेच सांगितलं ज्याची त्यांना भीती होती.

त्यांनी जुन्या काळचे बिशप संत ऑगस्टिन यांची आठवण काढली. त्याने पृथ्वीला, समुद्राला, वाऱ्याला विचारलं, आणि सगळ्यांनी सांगितलं की आम्ही तुझा देव नाही, त्याने आम्हांला घडवलं. "तुमच्या थांब्यांनी एवढं बोललं पाहिजे," ते म्हणाले.

दुरुस्ती: लांब फळी आणली, दोन्ही वचनं पूर्ण लिहिली. ही एकच पाटी पायवाटेवर राहील, आणि तिथे गप्प बसायचं नाही. उभं राहून सगळ्यांनी मिळून स्तोत्र 121 मोठ्याने म्हणायचं आणि प्रभूला नावाने हाक मारून प्रार्थना करायची. त्यांच्या या सूचनेने सगळ्या वाटेला दिशा आली. आधीच दाखवायला हवं होतं त्यांना.

दिवस 58

मंडळीतले एक आजोबा, दृष्टी गेलेली, म्हणाले, "मलाही यायचंय." मी गोंधळलो. सगळी पायवाट "पाहा" या शब्दावर उभी. बांधाच्या कडेने कमरेच्या उंचीवर दोर बांधला, प्रत्येक थांब्यावर दोराला गाठ. अर्ध्या दिवसाचं काम.

ओढ्याच्या थांब्यावर ते बसले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "बाक चुकीच्या जागी आहे. इथं पाणी बोलत नाही."

खरंच, मी बाक ठेवलं होतं तिथे पाणी संथ होतं, दिसायला सुंदर. ते काठीने चाचपत सहा मीटर वर गेले, जिथे पाणी तीन दगडांवरून खाली पडतं. तिथे बसून बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, "हे दोन आवाज आहेत. वरचा बारीक, आणि खालचा, दगडाखालचा, जाड. ऐक."

मला ऐकू यायला वेळ लागला. मग आला. खालचा आवाज घुमल्यासारखा, थांबत थांबत.

बाक तिथे हलवलं. कार्डही बदललं. हरिणीचं पहिलं वचन होतं, त्याऐवजी त्याच स्तोत्राचं सातवं, धबधब्यांच्या आवाजाने ओघ ओघाला हाक मारतो ते. दुःखात असलेल्या माणसाचं वचन आहे, लाटा अंगावरून गेलेल्याचं. आजोबांना ते पाठ होतं.

असिसीच्या फ्रान्सिसने सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं गीत 1225 च्या सुमारास रचलं तेव्हा त्याचे डोळे जवळजवळ गेले होते आणि उजेड सहन होत नव्हता. हे मी वाचलं होतं, पण आजोबांशेजारी बसेपर्यंत त्याचा विचार केला नव्हता.

दिवस 63

द्राक्षवेलीचा थांबा रद्द. मी ती चुकीच्या वेळी छाटली, काप घेतलेल्या जागांतून चार दिवस पाणी गळत होतं. नुसती घाई. योहान 15 मध्ये छाटण्याला आणि "शुद्ध" ला ग्रीकमध्ये एकाच मुळाचे शब्द आहेत, त्यावर मोठं मनन तयार होतं माझ्याकडे. वेल सावरेपर्यंत ते बाजूला.

दिवस 74

सकाळी गट यायच्या आधी वाट झाडायला गेलो. चिमण्यांच्या थांब्यावर, बाकापुढे, घरट्यातून पडलेलं पिल्लू. पिसं नीट आली नव्हती, चोचीच्या कडा अजून पिवळ्या, पोटावरची कातडी पातळ. मुंग्या लागल्या होत्या.

पहिला विचार, लोक यायच्या आत उचलून टाकावं. हातात पान घेऊन वाकलोही. मग लक्षात आलं की या थांब्याचं वचन काय आहे. चिमणी पडत नाही असं प्रभूने कुठेच म्हटलेलं नाही. ती भूमीवर पडते. मराठीत "पित्याच्या आज्ञेवाचून" असं येतं. ग्रीकमध्ये एवढेच शब्द आहेत: तुमच्या पित्यावाचून. पडताना ती त्याच्यावाचून नसते. लूकमध्ये हिशेब आणखी खाली जातो. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. पाचवी फुकट. तिचाही देवाला विसर पडत नाही.

पिल्लू तिथेच राहू दिलं. नऊ जण आले. त्या दहा मिनिटांत कुणी हललं नाही. कार्ड वाचल्यावर एक ताई, ज्यांचं माणूस याच वर्षी गेलं, त्या एवढंच म्हणाल्या, "पडतं, हे लिहिलंय का तिथं? मला कधी दिसलंच नाही." नंतर त्यांनीच पिल्लू बांधाच्या मातीत पुरलं.

दिवस 97

चार पट्ट्यांची स्थिती. वाट: रिकामी. खडक: दिवस 38 लाच सुकला. चांगली जमीन: ओंब्या निघाल्या. काट्यांचा पट्टा मात्र वाटेवरून पाहिला तर सगळ्यांत हिरवा आणि उंच. आत हात घालून फांद्या दूर केल्या तेव्हा गहू दिसला. जिवंत आहे, उजेडासाठी ताणून बारीक झालेला, सहा रोपांना ओंब्या, त्याही पोचट.

खडकावरचा गहू मेला तेव्हा सगळ्यांना दिसला. काट्यांतला मेला नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. या पट्ट्यापाशी मी एकटा येऊन बसतो आताशा. चिंता, पैसा आणि सुख, लूकने तीन काटे नावानिशी लिहिले आहेत.

दिवस 146

कापणी. चांगल्या पट्ट्यातलं एक रोप निवडून मोजलं. चार ओंब्या, 118 दाणे. मुलांनी दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. शेजारच्या रोपात 61. आणखी एकात 34. जमीन एकच, दिवस एकच.

लेवीय 23 प्रमाणे पट्ट्याचा कोपरा कापला नाही, तसाच ठेवला. पाखरं आली आहेत.

सध्याची पायवाट: दगडावर क्रमांक असलेले सहा थांबे, एक पाटी, एक दोर. वेळ दीड ते दोन तास. एका वेळी दहापेक्षा जास्त माणसं घेऊ नका, बरणी फिरता फिरता शांतता मोडते. राहिलेली कामं: चौथ्या बाकाचा एक पाय हलतो, दोराची ओढ्याकडची गाठ सैल झाली आहे, पुढच्या पेरणीसाठी 200 दाणे वाळवून ठेवायचे.

मुंग्यांनी जुनी जागा सोडली होती. गेल्या आठवड्यात त्या मुलीनेच दाखवलं, तिथून दोन मीटरवर, काट्यांच्या पट्ट्याच्या कडेला, नवं वारूळ आहे. त्या थांब्याला क्रमांक दिलेला नाही. वाट तिथे थोडी वळवून घेतली आहे.